एडिंबराची फ्रिंज, मुंबईचा पृथ्वी महोत्सव की आपल्या केंद्रावरची प्राथमिक फेरी?

वर्षातले आठ-दहा दिवस फक्त नाटकं पाहण्यासाठी काढायचे ठरवले तर ते कुठे घालवावेत, हा प्रश्न कोल्हापुरातल्या हौशी नाटकवाल्यांना नवा नाही. पूर्वी त्याची उत्तरं पुणे आणि मुंबई एवढीच असायची. आता त्यात स्कॉटलंडमधल्या एडिंबराचं, तिथल्या फ्रिंज या महोत्सवाचं नाव शिरलं आहे. कुणाची मुलगी ग्लासगोला शिकायला असते, कुणाचा भाऊ लंडनला नोकरीला असतो. आई-वडिलांचं एकदा तिकडे जाणं ठरलेलंच असतं. मग कुणीतरी सुचवतं, "जाताच आहात तर ऑगस्टमध्ये जा, फ्रिंज बघून या." दुसरा लगेच म्हणतो, "त्या पैशात पृथ्वीचा महोत्सव दहा वेळा होईल." तिसरा गप्प राहतो, कारण त्याच्या संस्थेची तालीम चालू असते आणि त्याला नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला उभं राहायचं असतं.

मी या तिन्ही ठिकाणी प्रेक्षक म्हणून बसलो आहे. त्यामुळे ज्यांना खरोखर ठरवायचं आहे त्यांच्यासाठी सगळं शेजारी शेजारी मांडून पाहतो.

आधी कसोटी सांगतो, नाहीतर तुलना भरकटेल. उत्तम नाटक कुठे पाहायला मिळेल हा इथला प्रश्न नाही. उत्तम नाटक पाहायचं असेल तर मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर आलेलं चांगलं व्यावसायिक नाटक तिकीट काढून पाहावं, समाधान मिळतं. इथला प्रश्न सरमिसळीचा आहे. थोड्या दिवसांत, एकमेकांशी काही संबंध नसलेले, वेगवेगळ्या हातांनी घडवलेले प्रयोग एकामागून एक पाहायचे. काल वाड्याचं भरगच्च नेपथ्य, आज एक नट आणि एक खुर्ची. काल कसलेला दिग्दर्शक, आज पहिल्यांदाच उभी राहिलेली पोरं. जो स्वतः नाटक लिहितो, बसवतो, विंगेत उभा राहतो किंवा दिवे लावतो, त्याला अशा सलग पाहण्यातून जे मिळतं ते महिन्याला एक चांगलं नाटक पाहून मिळत नाही. पडलेला प्रयोग का पडला, हे दुसऱ्या दिवशी उभा राहिलेला प्रयोग पाहताना कळतं.

एडिंबरा: निवड समिती नसलेला महोत्सव

महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. १९४७ साली एडिंबरात आंतरराष्ट्रीय कला महोत्सव सुरू झाला. त्याचं निमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था आपापल्या हिमतीवर आल्या, मिळतील त्या जागा घेतल्या आणि त्यांनी प्रयोग लावले. त्यातला एक तर शहराबाहेर, डनफर्मलिनच्या जुन्या मठात झाला. या आगंतुकांचीच पुढे फ्रिंज झाली. १९५८ साली फ्रिंज सोसायटी उभी राहिली तेव्हा तिने एक गोष्ट पक्की केली: कोणी काय करावं यात सोसायटी पडणार नाही. ती कार्यक्रमपत्रिका काढेल, तिकिटं विकेल, मदत करेल, पण निवड करणार नाही. ते तत्त्व आजही टिकून आहे. जागा मिळवा, नोंदणीची फी भरा आणि प्रयोग करा.

याचा परिणाम आकड्यात सांगायचा तर २०१९ साली तिथे ३,८४१ वेगवेगळे कार्यक्रम झाले. ऑगस्टमधले साधारण पंचवीस दिवस, सकाळी दहापासून मध्यरात्रीनंतरपर्यंत. नाट्यगृहं एवढी कुठून येणार? म्हणून विद्यापीठाची व्याख्यानगृहं, चर्च, शाळांचे हॉल, दारूच्या गुत्त्यांची तळघरं, मैदानावरचे तंबू, सगळीकडे प्रयोग होतात. समरहॉल नावाची जागा एकेकाळी पशुवैद्यकीय महाविद्यालय होती. जिथे विद्यार्थी शरीररचनेचे धडे घ्यायचे त्या उतरत्या बाकांच्या वर्गात बसून आज नाटक पाहता येतं. तिथल्या खोल्यांना जुनी नावं अजून तशीच आहेत.

बहुतेक प्रयोग पन्नास मिनिटं ते एक तासाचे असतात. मध्यंतर नाही. प्रयोग संपला की दहा-पंधरा मिनिटांत पुढच्या संस्थेचं सामान आत येतं, म्हणून नेपथ्य दोन बॅगांत मावेल एवढंच असतं. आपल्याकडे लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे), फ्लॅट (भिंतींच्या चौकटी) आणि सोफ्याचा टेम्पो ठरवण्यात ज्यांची उमेद जाते त्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहायला हवं. एका दोरीने, एका सुटकेसने आणि तीन दिव्यांनी तासभर प्रेक्षक धरून ठेवणारी माणसं तिथे रोज दिसतात. रूपांची विविधता म्हणजे काय ते एडिंबरात कळतं. शब्दाविना नाटक, सर्कस, बाहुल्या, नृत्यनाट्य, एकपात्री, कविता, आठच प्रेक्षकांसाठी केलेला प्रयोग हे सगळं एका गल्लीच्या अंतरात असतं.

पण एक सावधगिरी हवी. प्रवेश सगळ्यांना खुला असला तरी कार्यक्रमांचं प्रमाण सारखं नाही. २००८ साली विनोदी कार्यक्रमांनी संख्येत नाटकाला मागे टाकलं. डोळे झाकून तिकिटं काढली तर वाट्याला स्टँडअपच जास्त येईल. ब्रिटनचं राजकारण, तिथले टीव्हीवरचे चेहरे, तिथल्या गावांची आपापसातली थट्टा हे ठाऊक नसेल तर बाजूचे हसत असताना आपण नुसते बसून राहतो. त्यात स्कॉटिश उच्चार भराभर बोललेले. म्हणून आपल्याकडून जाणाऱ्या प्रेक्षकाने दिवसाची आखणी जाणीवपूर्वक करायला हवी.

माझ्या मते दिवसाला चार प्रयोग पुष्कळ झाले. सकाळी शब्द कमी आणि शरीर जास्त असा प्रयोग घ्यावा, म्हणजे कान ताजे राहतात. दुपारी नव्या संहितेचं नाटक पाहावं. त्यासाठी ट्रॅव्हर्स हे नाट्यगृह भरवशाचं आहे. १९६३ पासून ते नव्या लेखनासाठी ओळखलं जातं. संध्याकाळी आपण कधीही न पाहिलेल्या देशातली एखादी मंडळी निवडावी. कोरिया, चिली, नायजेरिया, जे समोर येईल ते. आणि चौथी जागा मोकळी ठेवावी. रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर कलाकार स्वतः पत्रकं वाटत उभे असतात. ज्याने तुमच्याशी आपल्या नाटकाबद्दल दोन मिनिटं मनापासून बोललं त्याच्या प्रयोगाला त्या चौथ्या वेळेत जा. ऐनवेळी सवलतीत मिळणारी तिकिटंही याच चौथ्या प्रयोगासाठी वापरावीत. भिंतींवरच्या जाहिरातींत चिकटवलेल्या, समीक्षकांनी दिलेल्या चांदण्यांच्या संख्येवर मी फारसा विसंबत नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाला "काल काय पाहिलंत?" असं विचारलं तर जास्त उपयोगी उत्तर मिळतं, आणि तिथे असं विचारणं कुणाला खटकत नाही.

दोन प्रयोगांमध्ये किमान पाऊण तास ठेवा. नकाशावर जवळ दिसणाऱ्या जागा प्रत्यक्षात चढाच्या, जिन्यांच्या आणि गर्दीच्या असतात. प्लेझन्स एका टोकाला, जॉर्ज स्ट्रीट दुसऱ्या टोकाला. आणि दार वेळेवर बंद होतं. पाच मिनिटं उशीर झाला तर बहुतेक ठिकाणी तिकीट वाया जातं.

विनातिकीट कार्यक्रमही खूप असतात. त्यात शेवटी दारात बादली धरतात आणि आपण मनाला येईल ते त्यात टाकतो. इथे आपल्याकडच्या माणसाने हात आखडू नये असं मला वाटतं. फ्रिंजमध्ये येणाऱ्या बहुतेक मंडळींचे पैसे निघत नाहीत. जागेचं भाडं, राहणं, नोंदणी, सगळं पदरचं असतं. बादलीतल्या पैशांवर त्यांचं रात्रीचं जेवण असतं.

आणि हीच त्या खुलेपणाची मर्यादाही आहे. दार उघडं आहे, पण ज्याला भाडं परवडतं तोच आत येतो. शिवाय प्लेझन्स, असेंब्ली, ट्रॅव्हर्स यांसारख्या मोठ्या जागा आपापले कार्यक्रम निवडूनच घेतात. निवड नाही ती फक्त सोसायटीची.

आपल्या केंद्रावरची फेरी

महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालते. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं. राज्यभरातल्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, आणि कोल्हापूर हे त्यातलं जुनं, दमदार केंद्र. रोज संध्याकाळी एक नाटक, सलग दोन-तीन आठवडे. तिकीट चहा-वड्याच्या पैशात येतं.

आता एडिंबराशी ताडून पाहा. इथेही प्राथमिक फेरीसाठी निवड समिती नाही. हौशी संस्था नोंदणीकृत असली, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र असलं आणि प्रवेशिका वेळेत गेली, की ती संस्था रंगमंचावर उभी राहते. चांगली असो वा कच्ची. गडहिंग्लजची मंडळी असोत, इचलकरंजीची असोत, पेठेतल्या तालीम मंडळातून उठलेली असोत किंवा वर्षानुवर्षं पारितोषिकं घेणारी असोत. आणि इथे सभागृहाचं भाडं संस्थेच्या माथ्यावर नसतं. सादरीकरणाच्या खर्चालाही सरकारचा थोडाफार हातभार असतो. एडिंबरात ज्या मंडळींना भाडं परवडलं नसतं ती इथे प्रकाशझोतात उभी असतात. खुल्या दाराचा विचार करायचा तर आपली प्राथमिक फेरी फ्रिंजपेक्षाही जास्त खुली आहे, असं मी म्हणेन आणि त्यावर ठाम राहीन.

दुसरा मुद्दा मला त्याहून मोलाचा वाटतो. एडिंबरात चार दिवसांत रोज चार, असे सोळा प्रयोग पाहिले तर ३,८४१ पैकी सोळा, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. ते सोळा आपणच निवडलेले असतात. माणूस निवडायला लागला की आवडीचं निवडतो. ज्याला सामाजिक नाटक आवडतं तो तिथे सोळा सामाजिक नाटकं शोधून काढेल आणि विविधता पाहिल्याचं समाधान घेऊन परतेल. आपल्या केंद्रावर निवडायला काहीच नसतं. आज जे नाटक आहे ते आहे. फेरी पूर्ण पाहिली तर शंभर टक्के पाहिली. जे नाटक आपण जन्मात तिकीट काढून पाहिलं नसतं तेही पाहून होतं, आणि बरेचदा त्यातलाच एखादा प्रसंग महिनोन्महिने डोक्यात राहतो. फार्सला नाक मुरडणाऱ्या माणसाला फार्सची घड्याळासारखी चोख वेळ तिथे कळते. ऐतिहासिक नाटक नको म्हणणाऱ्याला एखाद्या स्वगताची ताकद कळते.

विषयांचं वैविध्यही फार मोठं असतं. ग्रामीण विनोद, शेतकऱ्याची आत्महत्या, जातीचा प्रश्न, रहस्यनाट्य, असंगत धाटणीचं नाटक, रूपांतर, म्हाताऱ्या आई-बापांचं एकटेपण, कालच्या वर्तमानपत्रातली घटना. एका जिल्ह्यातली माणसं त्या वर्षी कशाने अस्वस्थ आहेत ते दोन-तीन आठवड्यांत समोर येतं. एडिंबरा जगाचं आहे, पण एकाच मातीतल्या इतक्या संस्था एकापाठोपाठ एक, एकाच रंगमंचावर, एकाच परीक्षकांपुढे उभ्या राहिलेल्या तिथे पाहायला मिळत नाहीत. एकाच लाकडी रंगमंचावर काल वाडा होता, आज बस स्टँड आहे. सगळ्यांना साधनं जवळपास सारखीच मिळालेली. मग फरक कशाने पडला, हे शिकण्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आता उणी बाजू. रूपाच्या बाबतीत ही फेरी बांधलेली आहे. पूर्ण लांबीचं नाटक, समोर प्रेक्षक, वर पडदा. बहुतेक दोन अंकी, मध्यंतरासह दोन-अडीच तास. सर्कस नाही, तळघरातला प्रयोग नाही, प्रेक्षकांत फिरणारं नाटक क्वचितच. एक तासात जे सांगून झालं असतं ते नियमाच्या लांबीसाठी ओढलेलं अनेकदा दिसतं. परिनिरीक्षणाचा अडसर आहे तो वेगळाच. ब्रिटनमध्ये नाटकांवरचं सेन्सॉर १९६८ साली उठलं. आपल्याकडे संहिता आजही आधी मंडळाकडे जाते. लेखक हात आखडून लिहितो हे काही प्रयोगांत जाणवतं.

आणि गती. एडिंबरात एका दिवसात चार प्रयोग, इथे चार दिवसांत चार. बाहेरगावहून फेरी पाहायला येणाऱ्याला हे परवडणारं नाही. ही फेरी मुख्यतः इथल्या माणसासाठी आहे, जो नोकरी-धंदा सांभाळून रोज संध्याकाळी सात वाजता सभागृहात पोचू शकतो. त्याच्यासाठी ही गतीसुद्धा सोयीचीच ठरते, कारण पाहिलेलं नाटक चघळायला एक रात्र आणि एक दिवस मिळतो. खासबागेत भेळ खाताना त्यावर वाद घालता येतो, दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकच रस्त्यात भेटतो आणि त्याला विचारता येतं की दुसऱ्या अंकात तो दिवा लाल का केला.

ज्या रंगमंचावर आमच्यातल्या बहुतेकांनी ही फेरी पाहिली तो केशवराव भोसले नाट्यगृहाचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते उभं केलं, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. कुस्ती आणि नाटक भिंतीला भिंत लावून नांदतील असं गाव घडवणारा तो राजा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला दिलं आहे त्या गायक-नट संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापुरातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. त्यांत नट होते तसे तिकीट काढून नाटक पाहणारे साधे रसिकही होते. म्हणून कोणत्या वर्षी फेरी कोणत्या सभागृहात आहे ते त्या वर्षीच्या वेळापत्रकातच पाहावं. शाहू स्मारक असो, देवल क्लबचं गोविंदराव टेंबे रंगमंदिर असो वा आणखी कुठे, पाहणारा तिथे गेला पाहिजे. नाट्यगृह जळालं म्हणून प्रेक्षकाची सवय मोडली तर ते नुकसान इमारतीपेक्षा मोठं आहे.

मराठी फेरीच्या जोडीला संचालनालयाच्या बालनाट्य, संगीत, संस्कृत, हिंदी अशा वेगळ्या स्पर्धाही असतात, आणि त्यांची केंद्रं दरवर्षी जवळपास कुठे ना कुठे असतात. सरमिसळ हवी असणाऱ्याने त्यातला एखादा संगीत नाटकाचा आणि एखादा बालनाट्याचा दिवस जरूर जोडून घ्यावा. मुलांची नाटकं पाहताना माझ्या मनातला अभिनयाविषयीचा बराच गुंता सुटला आहे.

पृथ्वी आणि पुणे

पृथ्वी थिएटर जुहूला १९७८ साली सुरू झालं. शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी ते उभं केलं. जेमतेम दोनशे खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, नट हाताच्या अंतरावर. त्यांचा महोत्सव साधारण नोव्हेंबरात असतो, म्हणजे नेमका आपल्या फेरीच्या आसपास. वेळापत्रकं एकमेकांवर आली तर निवड करावीच लागते.

पृथ्वीचा फायदा असा की तिथे हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशी अनेक भाषांतली नाटकं पाहता येतात आणि दर्जाची बऱ्यापैकी खात्री असते. पण ती खात्री आली कुठून? निवडीतून. कुणीतरी जाणत्या माणसांनी आधीच चाळून घेतलेलं आपल्यासमोर येतं. रसिकाला ते सुखाचं आहे. शिकणाऱ्याला त्यातून थोडं कमी मिळतं, कारण फसलेलं काहीच पाहायला मिळत नाही. पंचविशीच्या आतल्या नाटकवाल्यांसाठी थेस्पो हा महोत्सव मुंबईतच डिसेंबरच्या सुमारास असतो. तिथे मात्र ताजेपणा, धडपड, वेडेपणा बराच सापडतो. तुमच्या संस्थेत कॉलेजची मुलं असतील तर पृथ्वी महोत्सवाऐवजी त्यांना थेस्पोला न्या.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा घेते, भरत नाट्य मंदिरात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात. तासाच्या आतली एकांकिका, एका सत्रात तीन. विषय, शैली, मांडणी यांत झपाट्याने होणारे बदल एका शनिवार-रविवारात पाहायचे असतील तर देशात याच्या तोडीचं फार थोडं आहे. सभागृहात "आव्वाज कुणाचा?"ची आरोळी उठते तेव्हा अंगावर काटा येतो. एडिंबराच्या तासाभराच्या प्रयोगांची गती आणि आपल्या मातीची भाषा, दोन्ही एकत्र हवं असेल तर मी पुण्याकडे बोट दाखवीन. कोल्हापूरहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, शुक्रवारी रात्री निघालं तरी चालतं.

पैसा, शरीर, भाषा

पैशांबद्दल लांबड लावण्यात अर्थ नाही. केंद्रावरची पूर्ण फेरी एका कुटुंबाच्या एका हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी पैशात होते. पुण्याला प्रवास आणि एक मुक्काम. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं, पण जुहू भागात राहणं महाग पडतं. चार-पाच दिवसांत खिसा चांगलाच हलका होतो. एडिंबराला विमान, व्हिसा आणि मुक्काम असा लाखांतला खर्च आहे. एका प्रयोगाचं तिकीट साधारण दहा ते वीस पौंड असतं, पण खरा फटका राहण्याचा. ऑगस्टमध्ये तिथल्या खोल्यांचे दर कितीतरी पटींनी चढतात. ज्यांचं कुणी ग्लासगोला आहे त्यांनी तिथेच राहावं. रेल्वेने तासाच्या आत एडिंबरा गाठता येतं, आणि रात्री परतायला गाड्या असतात. मध्यरात्रीचे प्रयोग तेवढे सोडावे लागतात. फ्रिंजचे पहिले दोन-तीन दिवस प्रिव्ह्यूचे असतात, तेव्हा तिकिटं स्वस्त मिळतात आणि कलाकारही अजून चाचपडत असतात. नाटक बसवणाऱ्याला ते चाचपडणं पाहण्यात फार रस वाटेल.

गुडघे दुखत असतील तर एडिंबराचा विचार जपून करा. दिवसभर दगडी चढ, जिने आणि अधूनमधून थंड पाऊस. आपल्या श्रावणसरींची सवय असली तरी तिथल्या ऑगस्टला जाकीट लागतंच. प्रत्येक जागेच्या प्रवेशाची माहिती कार्यक्रमपत्रिकेत असते, ती आधी वाचा. तळघरातल्या जागा टाळल्या तरी पाहण्यासारखं खूप उरतं.

भाषेची भीती मात्र बाळगू नका. ज्यांचं इंग्रजी बेताचं आहे अशा आई-वडिलांनीही तिथे शब्दाविना नाटक, सर्कस, नृत्यनाट्य आणि बाहुल्यांचे प्रयोग मन भरून पाहावेत. नातवंडं बरोबर असतील तर मुलांसाठीचा वेगळा विभाग आहे, आणि कुठल्या वयासाठी काय योग्य ते प्रत्येक कार्यक्रमासमोर छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करू नका, काही प्रयोग फार थेट असतात.

मग कुणी कुठे जावं

नाटक करणारा, कोल्हापुरात किंवा आसपास राहणारा आणि आजवर आपल्या केंद्राची फेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत कधीही न पाहिलेला माणूस असेल, तर त्याने यंदा दुसरीकडे कुठेही जाऊ नये. हे मी आग्रहाने सांगतो. आपल्या संस्थेचा प्रयोग झाला की उरलेली फेरी न पाहणारे पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांनी एकदा रोज सातला हजर राहावं, प्रत्येक नाटकावर वहीत चार ओळी लिहाव्यात आणि निकाल लागण्याआधी आपला निकाल मांडून ठेवावा. परीक्षकांच्या निकालाशी तो जुळला नाही तर का जुळला नाही यावर संस्थेत एक अख्खी संध्याकाळ बोलावं.

ज्याने अशा फेऱ्या पाहिल्या आहेत, ज्याला आता त्याच त्या पडद्याच्या चौकटीचा कंटाळा आलाय आणि जो पुढचं नाटक कसं करावं याच्या शोधात आहे, त्याने एडिंबराचा विचार करावा. त्याला तिथे रूपं दिसतील, आणि आपल्या संहितेला त्यातलं कोणतं शोभेल हे पाहायची नजर त्याच्याकडे आधीच असेल. ही नजर नसताना गेलेला माणूस तिथून नुसत्या युक्त्या आणतो. आपल्याकडे काही प्रयोगांत कारण नसताना प्रेक्षकांतून चालत येणारे नट दिसतात, ते असेच आलेले.

ज्याला ब्रिटनला जाण्याचं दुसरं काही कारण नाही त्याने केवळ फ्रिंजसाठी कर्ज काढू नये. त्या पैशात संस्थेच्या पाच-सहा जणांना पुण्याच्या एकांकिकांना आणि थेस्पोला नेता येतं, आणि सहा डोक्यांनी पाहिलेलं एका डोक्याने पाहिलेल्यापेक्षा संस्थेच्या जास्त कामी येतं. घरचं कुणी तिकडे असेल आणि जायचंच असेल, तर मात्र मे-जूनचा हट्ट सोडून ऑगस्ट धरा.

निव्वळ रसिक असाल, नाटक करत नसाल आणि चार दिवस मनाजोगते घालवायचे असतील, तर पृथ्वी. तिथे निराश होण्याची शक्यता सगळ्यांत कमी.

एडिंबरा ठरवलं असेल तर मुक्काम जानेवारी-फेब्रुवारीतच पक्का करा आणि व्हिसाचे कागद वेळेत लावा. पूर्ण कार्यक्रमपत्रिका जूनमध्ये येते. ती आली की सगळी तिकिटं एकदम काढू नका, दिवसाला दोनच काढा, बाकी तिथे जाऊन. आणि प्राथमिक फेरी ठरवली असेल तर दिवाळी संपताच वर्तमानपत्रातल्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा. ते प्रयोगांच्या थोडंच आधी येतं, आणि एकदा फेरी सुरू झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांतली चुकलेली नाटकं पुन्हा पाहायला मिळतीलच असं नाही.